वरचं बटण

ई-रिक्षावाल्यानं गाठोडं फाटकाशी उतरवलं आणि विचारलं, "बाबूजी, ये वही है ना जो सुबह ले गए थे?"

रघुवीररावांनी मान हलवली. तेच होतं. निळ्या चौकडीच्या जुन्या चादरीत बांधलेलं, वर घट्ट गाठी मारलेलं. आता मात्र ते एका बाजूनं सैल झालं होतं आणि एक छोटीशी पिवळी बाही बाहेर लोंबत होती. इंदूरच्या रामबागेतल्या त्या गल्लीत ज्यांना सकाळी काही काम नसतं ती सगळी माणसं ओट्यांवर उन्हाला बसली होती. त्यांनी ते गाठोडं जाताना पाहिलं होतं आणि आता येतानाही पाहत होती.

"क्या भिया, आज भी नहीं लिया?" समोरच्या ओट्यावरून कुणीतरी अगदी आपुलकीनं विचारलं.

रघुवीररावांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. गाठोड्यासकट.

गाठोडं त्यांच्या नातीचं होतं. परेशची, म्हणजे त्यांच्या मुलाची, हैदराबादला बदली झाली आणि विजय नगरचा फ्लॅट रिकामा करायची वेळ आली. तेव्हा सून नीरजा शमिकाचे लहान झालेले सगळे कपडे आणून टाकून गेली. फ्रॉक, स्वेटर, झबली, कुर्ते, सगळं. "बाबा, कुणातरी गरजूला देऊन टाका ना. फेकवत नाही हो," असं ती म्हणाली होती. एवढं सोपं काम. रघुवीररावांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली होती. जे बाहेर जाईल ते परत आलंच पाहिजे, हाच तिथला धर्म. तिथं मात्र निम्मी पुस्तकं कधी परत आली नाहीत. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा परत न येण्यासाठी काही द्यायचं होतं, तर ते दर खेपेला इमानदारीत घरी येत होतं.

पहिल्यांदा ते 'नेकी की दीवार'वर गेले होते. लोक नको असलेले कपडे त्या भिंतीवर अडकवून जातात आणि ज्याला हवे तो घेऊन जातो. रघुवीररावांनी एकेक फ्रॉक नीट खुंटीला लावला आणि वळून पाहिलं, तर एक तरुण त्यातल्याच एका फ्रॉकनं आपल्या मोटारसायकलची सीट पुसत होता. त्याला काही बोलावं की बोलू नये हे ठरेपर्यंत तो टाकी पुसायला लागला. शेवटी त्यांनी बाकीचे कपडे गोळा केले आणि, कोणी पाहत तर नाही ना असं बघत, चोरासारखे घरी आले.

दुसऱ्यांदा ते एका संस्थेत गेले. तिथं भिंतीला मोठा फलक लावून ठेवला होता. त्यापुढं तेल लावून भांग पाडलेली मुलं ओळीत उभी होती आणि मोबाइल धरलेला माणूस सांगत होता, "अंकलजी, थोड़ा झुकके दीजिए, और इधर देखके." समोरच्या चिमुरडीला ते सगळं पाठ होतं. रघुवीररावांनी काही द्यायच्या आधीच ती हसली.  तब्येत बरी नाही असं काहीतरी पुटपुटून ते निघाले. घरी आल्यावर आपलं चुकलं की काय या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. आपल्या लाजेपायी पोरीचा फ्रॉक गेला, असंही वाटत राहिलं.

आणि आज हातोद रस्त्यावरच्या एका बालवाडीतून परत. तिथल्या बाईनं मात्र फोटो मागितला नाही. कपडे उलगडून पाहिले आणि म्हणाली, बाबूजी, सगळं छान आहे, पण एकाही कपड्याला वरचं बटण नाही. पोरांचे गळे उघडे राहतील. या थंडीत कसं घालायचं? एखाद्याचं तुटलेलं असतं तर आम्हीच लावलं असतं.

रघुवीररावांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच नव्हतं. सगळ्यांचं नेमकं वरचंच.

"शारदा," घरात पाऊल टाकताच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "ही बटणं कुठं गेली?"

शारदाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "डब्यात आहेत."

"म्हणजे तू काढलीस?"

"मग काय उंदरांनी काढली?"

मग निघालं ते असं. घरातल्या लेकराचा कपडा बाहेर द्यायचा तर वरचं बटण काढून घरात ठेवायचं, म्हणजे लेकराचं भाग्य कपड्याबरोबर परक्या घरी जात नाही. रीत रघुवीररावांच्या आईची. होळकरांच्या कचेरीतल्या कारकुनाच्या घरात ती कुठून आली देव जाणे, पण सासूनं सुनेला सांगितली आणि सुनेनं पाळली. परेशच्या कपड्यांचीही बटणं अशीच निघाली होती. पेपरमिंटच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळी होती, देव्हाऱ्यामागं.

"मला कधी बोलली नाहीस ते," रघुवीरराव म्हणाले.

"तुम्ही कधी पुस्तकातून डोकं काढून विचारलंत? आणि सांगून काय, लेक्चर ऐकायचं?"

"अगं पण मी हे गाठोडं घेऊन गावभर हिंडतोय. भिखारी समझ लिया होगा लोगांनी. बटण नसलेला कपडा कोण घेणार?"

"घ्यायचा असेल तो घेईल."

रघुवीरराव खुर्चीत बसले. राग आला की त्यांना बोलता येत नसे आणि बोलता येऊ लागेपर्यंत राग गेलेला असे. या अडचणीतून ते उभ्या जन्मात बाहेर पडले नव्हते.

मोरीतला भांड्यांचा आवाज मघापासून थांबला होता हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. सखुबाई ऐकत होती.

शमिका पोटात होती तेव्हापासून सखुबाई या घरी धुणंभांडी करत होती. मूळची खानदेशाकडची, पण उमर इंदुरात गेली. दिवाळीनंतर तिची मुलगी सासर सोडून गौतमपुऱ्याहून परत आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी, बरोबर चार वर्षांची निधी. मुलीला कुठं कुठं काम शोधायला जावं लागे, म्हणून सखुबाई हल्ली निधीला बरोबर आणायची. पोर दाराबाहेर जिन्यावर बसून असायची, आजीच्या लुगड्याचा तुकडा कानाभोवती गुंडाळून.

म्हणजे गरजू घर शोधायला हातोदपर्यंत जायची काहीच गरज नव्हती. ते जिन्यावरच बसलं होतं. हे नवराबायको दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही तो विषय टाळत होती. रघुवीररावांना वाटे, जिच्याबरोबर रोज बसून चहा पितो तिला उतरलेले कपडे कसे द्यायचे? तिला काय वाटेल? शारदाबाईंचं कारण वेगळं होतं. ते त्यांनी एकदाच, दिवा मालवता मालवता सांगितलं होतं: शमिकाचा फ्रॉक रोज आपल्याच दारात दुसरीच्या अंगावर बघवणार नाही मला.

पण आता त्या चिडल्या होत्या, आणि चिडलेल्या माणसाला घाई असते. त्यांनी गाठोडं पायानं पुढं सरकवलं. "सखुबाई, बघ गं. तुझ्या नातीला चालतंय का यातलं काही. नाहीतर उद्या कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकते."

सखुबाईनं पदराला हात पुसले. खाली बसली, गाठी सोडल्या. एकेक फ्रॉक उलगडला, गळ्याशी बोट फिरवलं, पुन्हा घडी घालून ठेवला. लाल लोकरीच्या स्वेटरशी जरा जास्त थांबली. तो शारदाबाईंनी स्वतः विणलेला होता. खांद्यावर त्याला एकच बटण होतं, आणि तेही काढलेलं. मग तिनं सगळं होतं तसं बांधलं. गाठी आधीपेक्षा नीट बसल्या.

"फटेला असता ना काकू, तर मी खुशीनं नेला असता," ती म्हणाली. "फाटकं शिवता येतं. पण हे तुम्ही जानबूझकर काढलं. माझी निधी काय तुमच्या शमीचं नशीब खाऊन टाकणार?"

 उत्तराची वाट न पाहता ती उठली. मोरीत जाऊन तिनं राहिलेली भांडी घासली, जरा जोरात नाही की जरा हळू नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, कामही केलं. शारदाबाईंनी चहाचा कप पुढं केला तर म्हणाली, घरून पिऊन आले. तिसऱ्या दिवशीही घरूनच पिऊन आली. इतक्या वर्षांत ती कधी घरून चहा पिऊन आली नव्हती, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. स्वयंपाकघरात सखुबाई होती, पण ती गेल्यासारखं झालं होतं. बाहेर थंडी वाढत होती. जिन्यावरची पोर आता ऊन सरकेल तशी एकेक पायरी सरकायची. रघुवीरराव वर्तमानपत्र घेऊन तिच्या बाजूनं जायचे. काहीतरी बोलावं म्हणून थांबायचे आणि पुन्हा घरात यायचे. आपण साठ वर्षं वाचलं ते काय वाचलं, असं त्यांना वाटे. एका चार वर्षांच्या पोरीशी बोलायला सुचत नाही.

शनिवारी नीरजाचा व्हिडिओ कॉल आला. कपडे अजून गेलेच नाहीत हे ऐकून ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, आता तरी द्या ना कुणाला." शारदाबाईंनी तिला फोन शमिकाकडं द्यायला सांगितला.

"शमी, तुझा लाल स्वेटर आठवतो का गं? मी विणलेला? तो घालून तू राजवाड्याला भुट्ट्याचा कीस खाल्ला होतास."

शमिकानं भुवया उंचावल्या. "कौनसा वाला, आजी?" मग अगदी समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "अब तो मैं बड़ी हो गई ना."

शारदाबाईंनी फोन ठेवला. मग उठल्या, देव्हाऱ्यामागून डबा काढला आणि थाळीत उपडा केला. ढीग खळखळत पसरला. पांढरी, पिवळी, फुलाच्या आकाराची, एकावर बदकाचं चित्र.

"सुई ओवा," त्या म्हणाल्या.

रघुवीररावांनी वाचायचा चष्मा लावला. दुपारचं ऊन खिडकीतून चटईवर आलं होतं. ते ओवत होते, त्या टाकत होत्या. थोड्याच वेळात घोटाळा लक्षात आला. डबा एकच, त्यात परेशची आणि शमिकाची बटणं इतक्या वर्षांत एक होऊन गेलेली. जी जपून ठेवली ती कुणाची हेच आता सांगता येत नव्हतं.

"हे परेशचं का?"

"असेल. मुंजीतल्या सदऱ्याचं. नाहीतर शमीचं." शारदाबाईंनी ते उजेडात धरलं, मग हिरव्या फ्रॉकला लावून टाकलं. "काय करायचंय आता."

"शमीला काही होत नाही गं," रघुवीरराव म्हणाले, आणि लगेच आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो, अशी त्यांना शंका आली.

"ते का मला कळत नाही?" त्या धागा दातानं तोडत म्हणाल्या. "ती तिकडं. तिचं इथं काही असावं म्हणून ठेवत होते."

सगळे कपडे झाले. लाल स्वेटरचं बटण तेवढं सापडेना. ते पांढरं होतं, साधं, चार भोकांचं. रघुवीररावांनी चटई झटकली, कपाटाखाली काठी घातली. मिळालं नाही. राहू दे एक, ते म्हणाले. शारदाबाई म्हणाल्या, तोच तर तिला लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाठोडं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवलं आणि सखुबाई आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बघून घे."

सखुबाईनं बघितलं. प्रत्येक गळ्याशी बोट गेलं. हिरव्या फ्रॉकशी थांबून ती म्हणाली, "हे दुसऱ्याचं दिसतंय."

"परेशचं असेल बहुतेक."

"परेशभैयाचं?" तिनं ते बटण अंगठ्यानं एकदा दाबून पाहिलं. सगळ्यात खाली लाल स्वेटर होता. तो तिनं बाहेर काढून वेगळा ठेवला आणि बाकीचं बांधलं. मग भांड्यांकडं वळता वळता विचारलं, "चाय ठेवू का, काकू?"

"ठेव. तिघांचा."

दहाच्या सुमाराला रघुवीरराव बाहेर निघाले. महिन्यातून एकदा वाचनालयात चार जुनी माणसं जमत, आणि त्यासाठी ते एकुलता एक चांगला पांढरा सदरा घालत. त्यांनी आरशासमोर बटणं लावायला घेतली आणि हात गळ्याशी जाऊन थांबला. वरचं बटण नव्हतं. तुटलेलं नव्हतं, धागे कात्रीनं साफ कापलेले होते.

आता मात्र हद्द झाली. या घरात माणसाला विचारायची काही पद्धत आहे की नाही! त्यांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसेच दाराबाहेर आले.

जिन्यावर, उन्हातल्या पायरीवर निधी बसली होती. लाल स्वेटर तिला जरा मोठा होत होता, बाह्या बोटांवर आल्या होत्या. पण गळा हनुवटीपर्यंत बंद होता, आणि खांद्यावर पांढरं, साधं, चार भोकांचं बटण होतं. ते लोकरीच्या मानानं जरा लहान होतं. पोर एका हातानं ते चाचपून बघत होती.

"काय झालं? हाक मारलीत का?" शारदाबाईंनी आतून विचारलं.

"नाही," रघुवीरराव म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या उघड्या गळ्यावर हात धरला. "मफलर कुठंय माझा?"

"खुंटीला. रोजच्या जागी."