झाकण बसलं पाहिजे

पोटोबाला डोकं नव्हतं, हातपाय नव्हते, तरी आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं नशीब त्याच्या हाती होतं.

पोटोबा म्हणजे प्लास्टिकचं धड. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर त्याचं ठाणं. गळ्यापासून ओटीपोटापर्यंत एकच झाकण. ते काढलं की आत फुप्फुसं, हृदय, यकृत, जठर, आतड्यांचं वेटोळं, सगळं सुटं. प्रात्यक्षिक परीक्षेत काम एवढंच: अवयव एकेक करून बाहेर काढायचे, नावं घ्यायची, परत आत ठेवायचे आणि झाकण लावायचं. झाकण टक्कन बसलं की पास. नाही बसलं की पुन्हा या.

गोम अशी होती की पोटोबाचं मूळ स्वादुपिंड कधीकाळी हरवलं होतं. त्याच्या जागी कुठल्याशा थोराड धडाचं स्वादुपिंड आणलेलं. नाकापेक्षा मोती जड. स्वादुपिंडाची जागा जठराच्या मागे; हे धटिंगण तिथं ठेवलं की जठर पुढे यायचं आणि झाकण सुटलेल्या पोटावरच्या शर्टासारखं फाकून राहायचं. मग कुण्या हुशार वर्गानं शोध लावला की ते खाली ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे सारून द्यावं. तिथं पोकळी आहे. झाकण टक्क! ही विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे मुकाट पोचायची, आणि शिकवणाऱ्या मॅडम त्या क्षणी खिडकीबाहेर बघायच्या. मॅडम वाईट नव्हत्या. गुणपत्रकात ‘प्रतिकृती पूर्ववत बंद करणे’ अशी ओळ होती. स्वादुपिंडाची वेगळी ओळ नव्हती. जी ओळच नाही तिचे गुण कोण देणार?

वर्गात एकच मुलगी या ओळीला अडली. तिला सगळे मापटी म्हणत. लहानपणी शेजारणीनं वाटीभर साखर मागितली तर ही वाटीवर बोट फिरवून वरची शीग खाली पाडायची, तेव्हापासूनचं नाव. सहामाही प्रात्यक्षिकात मापटीनं स्वादुपिंड जठराच्या मागेच ठेवलं. झाकण बसलं नाही. तिनं दाबलं, मॅडमनी दाबलं, आणि शेवटी मॅडमनी ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं. मापटी म्हणाली, “पण मॅडम, जागा बरोबर आहे.” मॅडम म्हणाल्या, “जागा बरोबर असेल गं, झाकण कुठं बरोबर आहे?”

आता ही सगळ्या वर्गाची वार्षिक परीक्षा, आणि मापटीची दुसरी, शेवटची खेप. यातही झाकण राहिलं तर वर्गातल्या बाकीच्या मुली रुग्णालयाच्या वॉर्डात शिकायला जाणार, आणि मापटी पहिल्या वर्षातच घर करून राहणार. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. वर्ष गेलं तर दुकानात बसायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते शब्दाला पक्के होते.

“हे बघ,” बाबा जेवताना म्हणाले, “मी भिंग घासतो ते फ्रेम बघून घासतो. गिऱ्हाइकाला फ्रेम आवडलीय ना, मग भिंगानं मान तुकवायची. तुझं गुणपत्रक म्हणजे फ्रेम.”

“म्हणून उजव्या डोळ्याचं भिंग डाव्या डोळ्याला लावता का?”

“तोंड वर करून बोलू नकोस.”

आत्या मध्ये पडली. आत्याला साखरेचा आजार होता, आणि त्या जोरावर या विषयातला शेवटचा शब्द आपला, असं ती धरून चालायची. “मला एक सांग, तू शिकणार काय, तर लोकांनी किती खावं. मग त्यांच्या पोटात हात घालायची गरज काय? सांग ना, भात कमी खा, चाला. झालं तुझं शास्त्र.”

“आत्या, तुझी साखर वाढते ती कशामुळे?”

“तुझ्या आईच्या हातच्या गोडामुळे.”

आई भांडी गोळा करत म्हणाली, “माझं नाव घेतल्याशिवाय वन्संना घास उतरत नाही.”

मापटीनं कपाळाला हात लावला. घरात स्वादुपिंडाची बाजू घेणारी ती एकटी, आणि ज्या बाईचं स्वादुपिंड थकलंय तीच विरोधी पक्षाची पुढारी.

वर्गातही तेच. तिची मैत्रीण पटपट. ही बोलायची पटपट, लिहायची पटपट आणि विसरायचीही पटपट. मागच्या खेपेला तिनं पोटोबा असा बंद केला होता की बघणाऱ्याला वाटावं, सुटकेस भरतेय.

“अगं बाई, खाली सरकव आणि मोकळी हो,” पटपट म्हणाली. “प्लास्टिकला काय कळतंय? त्याला काय मधुमेह होणारे?”

“त्याला नाही होणार. पण उद्या वॉर्डात एखादा माणूस पोट धरून बसेल. त्याला काय दुखतंय ते डॉक्टर सांगतील, आणि आपण नंदीबैलासारखी मान हलवणार.”

“हलवू की. दोघी मिळून हलवू. पण त्यासाठी वॉर्डात पोचायला नको का? तू तर दाराशीच धरणं धरून बसलीस.”

हे बोलणं खरं होतं, आणि मापटीला सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिनं धरले. दुपारच्या सुट्टीत लॅबवाल्या मामांकडून किल्ली घेऊन ती पोटोबापुढे उभी राहू लागली आणि स्वादुपिंड ओटीपोटात सारायचा सराव करू लागली. पहिल्या दिवशी हात नको म्हणत होता. मग हाताला सवय झाली. नंतर तर झाकणाचा टक्क आवाज ऐकून बरंसुद्धा वाटायला लागलं, आणि स्वतःला बरं वाटतंय हे कळल्यावर तिनं किल्ली मामांच्या टेबलावर आपटली.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक आल्या. मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून केस पिकवलेल्या बाई. पायात कापडी बूट, चेहरा असा की समोरच्यानं काय खाल्लंय ते वासावरून ओळखतील. पण मॅडमनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, शिवाय मागच्या वर्षांच्या उत्तरपत्रिकांचा ढीग ठेवला, आणि बाईंची मान त्या ढिगात गेली. पोटोबाकडे फक्त मॅडम बघत होत्या. मुली येत होत्या, टक्क होत होतं, मुली जात होत्या. पटपट तर घाम यायच्या आत बाहेर पडली.

मापटीचा नंबर आला. तिनं अवयव काढले, नावं घेतली, एक चुकलं नाही. मग परत भरायला घेतलं. मूत्रपिंडं, यकृत, आतडी. स्वादुपिंड हातात आल्यावर ते क्षणभर थांबलं, आणि मग मूत्राशयाच्या मागे गेलं. टक्क.

“शाबास!” मॅडमनी खरंच सुटकेचा निःश्वास टाकला. पेन उचललं, तिच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या मुलीला हाक मारली. “ये गं. घाबरू नकोस. हिनं कसं नीट लावलंय बघ, अगदी असंच लावायचं.”

मापटीला तेवढंच सोसवेना. पास केलं, ठीक. ते गिळता आलं असतं. पण ‘नीट’? ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि पोटोबाचं झाकण उचकटलं.

“हे नीट नाहीये!”

मॅडमच्या हातातलं पेन थबकलं. “अगं, तू पास झालीयेस. जा.”

“पास झालेय ते चुकीचं ठेवून झालेय!” तिनं ओटीपोटातून स्वादुपिंड ओढून काढलं आणि हातात नाचवलं. “याची जागा मला माहितीय. मागच्या खेपेला तिथं ठेवलं तर नापास! आज भलतीकडे कोंबलं तर शाबास! म्हणजे मी काय शिकायचं? माणसाचं पोट की या धडाचं झाकण?”

“काय आहे ते?” परीक्षक बाईंनी ढिगातून मान वर काढली. उठल्या, चष्मा सावरत पोटोबाजवळ आल्या. “कुठं ठेवलं होतं?”

“इथं. मूत्राशयाच्या मागे.”

“आणि ठेवायचं कुठं?”

मापटीनं जठर उचललं, स्वादुपिंड आडवं धरलं. “याचं डोकं लहान आतड्याच्या या पहिल्या वळणात बसतं. शेपूट डावीकडे, प्लीहेकडे. वरून जठर. पण मग झाकण बसत नाही.”

“न बसायला काय झालं?” बाईंनी झाकण घेतलं आणि दाबलं. बसेना. तळहातानं दाबलं. कोपरानं दाबलं. मामांना बोलावलं; मामा झाकणावर ओणवे झाले, तर पोटोबाच घसरून टेबलाच्या कडेला आला आणि मॅडमनी त्याला मिठी मारून वाचवलं.

बाई धापा टाकत मागे सरकल्या. “सकाळपासून सगळ्यांनी खालीच ठेवलं का?”

मॅडम खिडकीकडे बघायला वळल्या, पण मध्ये बाई होत्या. “गुणपत्रकात झाकणाची ओळ आहे,” मॅडम पुटपुटल्या.

“ओळ गेली खड्ड्यात.” बाईंनी गुणपत्रक ओढून घेतलं आणि ती ओळ खोडली. मग मापटीकडे वळून लागोपाठ विचारत सुटल्या: स्वादुपिंड सुजलं तर रुग्णाला काय द्यायचं, तेल-तूप का बंद, पाचक रस जातो कुठल्या वाटेनं. मापटीचा राग अजून उतरला नव्हता. तिनं उत्तरं भांडल्यासारखी दिली. बाईंनी मध्येच हात वर केला. “पुरे. वॉर्डात एवढ्या मोठ्यानं बोलायचं नाही, रुग्ण झोपलेले असतात.” आणि तिच्या नावापुढच्या ‘उत्तीर्ण’वर स्वतःची सही केली.



“बाकीच्या सगळ्यांना परत बोलवा,” बाई मॅडमना म्हणाल्या. “जेवणानंतर प्रत्येकीला तोंडी विचारणार. ज्यांना सांगता येईल त्या पास.”

ही बातमी व्हरांड्यात मापटीच्या आधी पोचली. ती बाहेर आली तर अख्खा वर्ग डबे हातात धरून तिच्याकडे बघत होता, आणि बघण्यात जेवणाची इच्छा नव्हती.

“स्वतः तरली आणि आम्हाला बुडवलं,” एक म्हणाली.

“तुला सत्य इतकं दुखत होतं तर घरी जाऊन आत्याला सांगायचं,” दुसरी म्हणाली.

“सगळ्या गप्प बसा!” मापटी ओरडली. “शिव्या नंतर द्या, वेळ थोडा आहे. पटपट, इकडे ये. सरळ उभी राहा.”

“का?”

“पोटोबा आत आहे. तू बाहेर आहेस.” तिनं पटपटच्या बेंबीच्या वर चार बोटं आडवी टेकवली. बाकीच्या कुरकुरत का होईना, डबे खाली ठेवून भोवती गोळा झाल्या. “पुढे जठर. त्याच्या मागे, इथं, आडवं. डोकं उजवीकडे. तिची उजवी हं, तुमची नाही. आणि शेपूट हे असं इकडे—”

“दाबू नकोस मेले, मी अजून जेवले नाहीये,” पटपट कळवळली. “आणि परत सांग, पहिलं नीट कळलं नाही.”