नवी म्हणून आलेली गिटार

आठ दिवस झाले, थोरल्या बाईंचा मुलगा ताटात बघून बोलत होता, आणि ते काही त्यांना खपत नव्हतं. चाळिशी उलटलेला बाप्या, पण विचारलं काय तर ‘हं’, सांगितलं काय तर ‘बघू’. त्यातही घरात गिटारचा विषय निघाला की हा जेवण अर्धं टाकून हात धुवायला उठायचा. “किती धुशील रे? कातडं निघेल,” असं त्यांनी एकदा ऐकवलंही. त्यावर पुन्हा आपलं ‘हं’.

थोरल्या बाईंची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. पण नवरा गेल्यावर फर्निचर पॉलिशचा कारखाना त्यांनी तीस वर्षं एकहाती चालवला होता. खाली कारखाना, वर घर. कारखान्यात एकच कायदा होता. खुर्चीचा मोडका पाय जोडायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला जोडलाय म्हणून सांगायचं आणि मगच वरून पॉलिश मारायचं. न सांगता मारणाऱ्या दोन कारागिरांना त्यांनी भर दुपारी डब्यासकट बाहेर काढलं होतं. त्यातला एक तर त्यांचा सख्खा भाचा.

गिटार आणली होती त्यांच्या धाकट्या दिरानं. दिराचं वाद्यांचं दुकान होतं आणि जिभेवर खडीसाखर होती. दीर-भावजयीचं पटत नव्हतं असं म्हणणं म्हणजे आगीला कोमट म्हणण्यासारखं झालं असतं. पण या मुलाच्या लेकीला, त्यांच्या नातीला, गिटार हवी होती, तीही विजेवर वाजणारी. कॉलेजात चार मुलींचा एक बँड होणार होता, त्यासाठी निवड होती. पोरीनं वर्षभर झेरॉक्सच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी उभं राहून पैसे साठवले होते आणि त्यात बसेल अशी एकच गिटार धाकट्या आजोबांकडे निघाली. “स्वस्तातली आहे, पण नवीकोरी. घरचं म्हणून आठ दिवस वाजवून बघ, मग ठरव,” असं सांगून ते ती ठेवून गेले होते. धड लालभडक, मान काळी कुळकुळीत.

आज आठवा दिवस. दीर सकाळीच कारखान्यात हजर झाले आणि दाराजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

“त्या खुर्चीत बसू नका भाऊजी.”

“का? तुमच्याकडे खुर्चीलाही परवानगी लागते का वहिनी?”

“नाही. ओली आहे.”

दीर ताडकन उठले. पँटला मागून अक्रोडी रंगाचा शिक्का बसला होता. कोपऱ्यात कपाटाचं दार घासत बसलेल्या मुलाला एरवी हसू आवरलं नसतं. आज त्यानं पॉलिश पेपरची घडी बदलली आणि घासत राहिला.

तेवढ्यात नात जिना उतरून आली. हातात गिटार, डोळे सुजलेले.

“धाकटे आजोबा, घेऊन जा ही. मला नको.”

“का ग? रंग नाही आवडला?”

“गिटारचं काही नाही. मलाच कान नाही. कॉलेजातले सर म्हणाले सगळ्यांसमोर. गाणं निम्मं होईपर्यंत माझं सगळं बेसूर होतं. आधी लावून घेते, तरी होतं. परवाच्या निवडीला येऊ नकोस म्हणाले.”

“हां, ते मात्र खरं हो,” दीर रुमालानं पँट पुसत म्हणाले. “कान काही दुकानात मिळत नाही. माल उत्तम आहे. आता वाजवणाराच कच्चा असेल तर माल काय करणार? आणि ठेवायची नसेल तर नसो. पण आठ दिवस वापरलेली म्हणून थोडं तरी...”

नातीला वेडंवाकडं बोलायचा मक्ता थोरल्या बाईंनी फक्त स्वतःकडे ठेवला होता. रोज संध्याकाळी वरून येणाऱ्या आवाजाला त्या ‘पत्र्यावर खिळे ओतणं’ म्हणत, पण ते घरातलं घरात. दुसऱ्यानं म्हटल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“इकडं आण ते लोढणं,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, ते टेबल नव्हे.”

“लाकूडच आहे ना? मग तुम्ही गप्प बसा. म्हणजे उभे राहा.”

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि चष्मा कपाळावर चढवला. तपासताना त्यांना चष्मा लागत नसे. आधी त्यांनी मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवला. स्वस्त मालात मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण स्वस्त पलंगाच्या पत्र्याच्या पट्ट्या बोचतात हे त्यांना माहीत होतं. इथं एकही बोचली नाही.

“ही टोकं कुणीतरी मन लावून घासलीत,” त्या नाइलाजानं म्हणाल्या. मग एक डोळा मिटून मानेवरून टोकापर्यंत नजर टाकली. मान सरळ. स्क्रू जिथल्या तिथे, एकाचंही डोकं झिजलेलं नाही. धडावरचा लाल रंग जाड, पण ओघळ कुठं नाही. “एवढ्या किमतीला हे धड वाईट नाही. बनवणाऱ्या कारखान्यानं फसवलेलं नाही.”

“मग मी काय म्हणतोय?”

“तुमचं म्हणणं नंतर. पोरी, एक तार लाव.”

नातीनं मोबाइलवर सूर दाखवणारा काटा सुरू केला आणि जाडी तार छेडत खुंटी पिळली. काटा बरोबर मध्यावर आला. थोरल्या बाईंनी मोबाइल काढून दिराच्या हातात दिला.

“तुम्ही बघा यात. तू भिंतीकडं तोंड कर. मी तार छेडत राहते. काही वेगळं वाटलं की बोल.”

नात भिंतीकडं वळली. थोरल्या बाई काळ्या नखानं तार छेडत राहिल्या, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गिटारचं खुंट्यांकडचं डोकं मागून अगदी हळू, बाळाची टाळू दाबावी तसं दाबलं.

“उतरला,” नात भिंतीकडून म्हणाली.

दिरानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. काटा नुसता थरथरला होता. मग तो सरकला.

“आता सोडलात. वर गेला. पण पहिल्याइतका नाही.”

तिसऱ्यांदा त्यांनी दाबलंच नाही, नुसतं छेडत राहिल्या.  मुलाचं घासणं थांबलं होतं.

“आत्ता कुणी हात लावला?” नात वळून म्हणाली. “आपोआप उतरतोय तो.”

“काय म्हणतो काटा भाऊजी? मोठ्यानं सांगा. पोरीला कान नाही ना, तिला ऐकू येणार नाही.”

दिरानं मोबाइल पालथा धरला. नातीनं त्यांच्या हातातून तो घेतला, काटा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. आठ दिवसांचं रडणं फुकट गेलं होतं आणि ते तिला आत्ता कळत होतं.

“डोकं हलतंय,” थोरल्या बाई म्हणाल्या. “मान जिथं डोक्याला मिळते तिथं मोडून जोडलीय, आणि तारांच्या ओढीनं सांधा सरकतोय. नवीकोरी म्हणे! माझ्या घरच्या पोरीच्या गळ्यात मोडकं घातलंत तुम्ही. चला, उजेडात दाखवते, मग चारचौघांत...”

त्या गिटार घेऊन दारात आल्या आणि ऊन मानेवर तिरपं पडेल अशी धरली. चीर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती, वर काळा रंग. काम इतकं सफाईचं की दुसऱ्या कुणाला बोटानंही लागलं नसतं. त्यांनी गिटार अजून जरा कलती केली आणि त्यांच्या जिभेवरची पुढची शिवी तिथंच राहिली.

गिटारच्या मानेचा मूळ काळा रंग उन्हात तपकिरीकडे झुकत होता. बुजवलेला वीतभर तुकडा मात्र निळसर दिसत होता.

काळ्या रंगात थेंबभर निळा टाकला की काळा खोल दिसतो, ही थोरल्या बाईंची स्वतःची युक्ती. नवऱ्यालाही त्यांनी ती शेवटच्या वर्षी सांगितली होती. आता ती जगात दोघांनाच माहीत होती.

त्या दारातच उभ्या राहिल्या. मागं दीर होते. त्यांच्यापुढं तीस वर्षांत त्यांची मान एकदाही खाली गेली नव्हती. गिटार परत त्यांच्या अंगावर फेकावी, चोर म्हणावं, हाकलून द्यावं. पोरीला दुसरी आणू. कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांना काय रंगातलं कळतंय!

पण दिराच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं. त्यांना रंगातलं नव्हे, बाकीचं सगळं ठाऊक होतं.

“काय झालं वहिनी? थांबलात का? चारचौघांत सांगणार होतात ना?”

“सांगते की.” थोरल्या बाईंनी गिटार त्यांच्या हातात कोंबली. “हे काम माझ्या कारखान्यातलं आहे. माझ्या पोराच्या हातचं. आता पोटभर हसून घ्या, आणि हसून झालं की हिच्या गळ्यात चिठ्ठी बांधा, मोडून जोडलेली म्हणून. सांधा उघडून पुन्हा नीट चिकटवला तर निम्म्या किमतीला कुणी शिकाऊ आनंदानं नेईल. चिठ्ठी दिसली नाही तर मी स्वतः येऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसेन. आणि वर्षभर उठणार नाही, मला दुसरं काम नाही.”

दिराचं हसू मावळलं. ही बाई बसेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. डाग पडलेली पँट आणि गिटार सांभाळत ते पायऱ्या उतरले.

मग त्या मुलाकडे वळल्या. तो हातातल्या पेपरचे बारीक तुकडे करत होता.

“काकांनी चार महिन्यांपूर्वी आणून दिली,” तो म्हणाला. “तुला कळू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी केली. विकताना सांगेन म्हणाले होते. आपल्याच घरात येईल हे मला काय माहीत, आई?”

“घरात आल्यावर कधी ओळखलीस?”

त्यानं पेपरचे तुकडे मुठीत गोळा केले.

“बाबा, कधी?” हे नातीनं विचारलं.

“पिशवीतून काढली तेव्हाच,” तो म्हणाला.

नात त्याच्याकडे बघत राहिली. तोही आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं.

थोरल्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“चोरून काम केलंस, त्याची शिक्षा कारखान्यात होईल. भाच्याला झाली तीच, तू पोटचा आहेस म्हणून कमी नाही. उद्यापासून दुसरीकडे काम बघ. पण ते सोड. पोटच्या पोरीला लोक बहिरी म्हणत होते, ती आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडत होती, आणि खरं ठाऊक असून तू मूग गिळून हात धूत बसलास. आईच्या चार शिव्यांना भ्यालास. असला भित्रा बाप मी वाढवला, याची लाज मला आहेच, ती मी बघून घेईन. तू आता चप्पल घाल, तिच्या सरांकडे जा, आणि ज्या सगळ्यांसमोर ते तिला बोलले, त्या सगळ्यांसमोर तुझं काम तुझ्या तोंडानं सांगून ये. तोवर वर जेवायला यायचं नाही.”