गाळलेला शब्द

दुभाष्या परदेशी वकिलातीत नोकरीला होता. आपल्या देशाबद्दल इथल्या मुसलमानांच्या मनातली अढी जावी म्हणून वकिलातीनं फिल्म आणली: इथून जाऊन तिकडे स्थायिक झालेले मुसलमान किती सुखात आहेत, त्याची. त्यातला घड्याळं दुरुस्त करणारा हसरा माणूस म्हणजे दुभाष्याचा सख्खा धाकटा भाऊ. फिल्मसाठी त्याचं नाव दुभाष्यानंच सुचवलं होतं.

फिल्ममध्ये धाकटा तिकडच्या भाषेत बोलायचा; त्यावर इथल्या भाषेतला आवाज दुभाष्याचा. शाळांतून, मशिदींच्या अंगणांतून खेळ व्हायचे. लोक नाकं मुरडत येत, पण "इथे मला कुणी परकं मानत नाही," हे ऐकून जरा सैलावत. दोघांची अम्मी प्रत्येक खेळाला पुढच्या रांगेत. नऊ वर्षांत धाकटा लेक घरी आला नव्हता. "वाळलाय गं," ती शेजारणीला दर वेळी नव्यानं सांगायची.

आणि एका दुपारी, तिकडे नमाजाहून परतताना, धाकट्याला कुणीतरी भोसकलं. ना ओळख, ना भांडण. दफनही तिकडेच झालं.

वकिलातीचे साहेब स्वतः घरी आले. सतरंजीवर बसले, चहाला हात लावला नाही. निघताना खालच्या आवाजात म्हणाले, "वरून हुकूम आलाय. फिल्म बंद."

"काय म्हणतायत?" अम्मीनं विचारलं. दुभाष्यानं सांगितलं.

"मग मी त्याला बघू कुठे?"

ते कळल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. "उद्या सकाळी घेऊन या त्यांना."

सकाळी वकिलातीच्या रिकाम्या सभागृहात तिघंच होते. फिल्म सुरू होताच अम्मी म्हणाली, "हा तर तुझा आवाज. मला त्याचा ऐकायचाय."

साहेबांनी मूळ प्रत लावली. धाकट्याचा घोगरा आवाज घुमला तशी अम्मी खुर्चीत पुढे सरकली. भाषा तिला कळत नव्हती. "काय म्हणतोय रे?"

ऐकायला बरं वाटावं म्हणून दुभाष्यानं फिल्मला आवाज देताना एक शब्द गाळला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यानंच.

"म्हणतोय... बहुतेक दिवस मला कुणी परकं मानत नाही."

"बहुतेक?"

पडद्यावर धाकटा भिंग डोळ्याला लावून एका घड्याळात वाकला होता.

"हे तेव्हाच कळलं असतं," अम्मी म्हणाली, "तर मी त्याला परत बोलावलं असतं."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी हळूच विचारलं.

दुभाष्यानं एकही शब्द न गाळता सांगितलं.