सात बिऱ्हाडांचं रक्त

राधाबाईंच्या सुभद्रेचं लग्न जवळजवळ ठरलं आणि नेमका त्याच आठवड्यात लालबागच्या त्या चाळीत डासांचा डॉक्टर उपटला.

डॉक्टर सरकारी होता, तरुण होता आणि हत्तीपायावर संशोधन करत होता. "डास चावतो, जंतू अंगात शिरतात, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही आणि मग एक दिवस पाय सुजायला लागतो," असं त्याने गॅलरीत उभं राहून समजावलं. हे जंतू दिवसा दडून बसतात, रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून तरुण मुलामुलींच्या बोटातून रात्री थेंबभर रक्त घ्यायचं होतं. ऐकूनच चाळीला घाम फुटला. लग्नाच्या पोरांच्या रक्तात काही निघालं, तर पुढे त्यांना दारात कोण उभं करणार? राधाबाईंच्या तर तोंडचं पाणी पळालं. सुभद्रेचं स्थळ डिलाईल रोडचं, पाहुणे चौकस, आणि राधाबाईंच्या सख्ख्या नणंदेचा पाय गावी खांबाएवढा झालेला. ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना सांगितली नव्हती आणि सांगायचा विचारही नव्हता.

मार्ग काढला शामरावांनी. शामराव चाळीतल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे अध्यक्ष. नळाला पाणी कमी आलं तरी त्यात त्यांना दिल्लीचा हात दिसायचा.

"हा डाव आहे!" ते जिन्यावरून गरजले. "उद्या म्हणतील, मराठी रक्तच किडकं, यांना कशाला हवी मुंबई? रक्त द्यायचं, पण असं द्यायचं की दिल्ली हादरली पाहिजे. चाळीत सगळ्यात उत्तम रक्त कुणाचं?"

याबद्दल दुमत नव्हतं. शिवाचं. शिवा म्हणजे गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा, तालमीत घाम गाळणारा आणि राधाबाईंच्या खाणावळीत दोन्ही वेळा जेवणारा मालवणचा गडी. सडाफटिंग असल्यामुळे त्याचं लग्न मोडायचीही भीती नव्हती. राधाबाईंनी त्या दिवशी त्याच्या ताटात तळलेले दोन बांगडे जास्तीचे वाढले आणि विषय काढला.

"आमच्या सुभीच्या नावाने थेंबभर दे रे बाबा."

"माझ्या रगताक काय धाड भरली हा?" शिवा हसला. "घे गो मावशे, वाटीभर घे!"

बघता बघता सात बिऱ्हाडांनी त्याला गाठलं. ठरल्या रात्री डॉक्टरचा कंपाउंडर पुढच्या गॅलरीतून नावं पुकारत गेला आणि शिवा मागच्या गॅलरीतून दर वेळी त्याच्या आधी पुढच्या खोलीत पोचत गेला. "पोरगी लाजते हो" एवढं आतून कानावर यायचं आणि दाराच्या फटीतून एक बोट बाहेर यायचं. सुभद्रेचं बोट केळ्याएवढं जाड पाहून कंपाउंडर जरा थबकला, पण त्यालाही झोप आली होती. खुद्द शिवाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो दुसऱ्यांच्या घरी कामात होता. सबब त्याच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला.

पंधरवड्याने डॉक्टर आला तो नाचतच. सातही जणांच्या रक्तात जंतू निघाले होते.

"आणि सगळ्यांच्या रक्तात सारखेच! असं जगात कुठे आढळलेलं नाही. मी यावर निबंध पाठवलाय." मग त्याने गोळ्यांच्या सात पुड्या वाटल्या. "नावं बाहेर फुटणार नाहीत, हा माझा शब्द. पण गोळ्या वेळेवर घ्या. पाय एकदा सुजला की मग फार उशीर झालेला असतो."

शामराव क्षणभर गांगरले. पण पुढारी तो पुढारीच. "पाहा," ते म्हणाले, "मराठी माणसाच्या रक्तात जंतूसुद्धा एकजुटीने राहतात!"

जंतू कुणाच्या रक्तातले हे सातही घरांना ठाऊक होतं आणि सातही घरं गप्प होती. तोंड उघडलं की लबाडी उघडी पडणार, पुन्हा बोटं टोचणार, आणि बातमी डिलाईल रोडला पोचणार. संध्याकाळी शिवाने जेवताना विचारलं, "मावशे, माझ्या रगताचा काय झाला?"

"झकास आहे हो तुझं रक्त," राधाबाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ज्याला रोज आपल्या हाताने वाढतो त्याला असं फसवायचं? रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी सुभद्रेच्या गोळ्या कुटल्या आणि शिवाच्या आमटीत मिसळल्या. म्हणजे त्याचा पायही वाचला आणि स्थळही.

मात्र मन काही एकट्या राधाबाईंनाच नव्हतं. त्याच दिवसापासून चाळीला शिवाचा उमाळा आला. कुणी त्याला शिरा दिला, कुणी आंबोळ्या, शामरावांच्या घरून तर चक्क बासुंदी. शिवाने सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी आडवा झाला. अंगात फणफणून ताप, वांत्या, थरथर. भोवती सात बायका उभ्या, आणि हे आपल्याच पुडीमुळे झालं असं प्रत्येकीला वाटत होतं.

डॉक्टरला बोलावून आणलं. "याने काय घेतलंय?" त्याने विचारलं.

शामराव छताकडे बघू लागले.

"सांगा लवकर! माझं औषध चुकलं तर माणूस हातचा जाईल."

"मावशे..." शिवा कण्हला.

"तुमच्या गोळ्या," राधाबाई म्हणाल्या. "मी घातल्या त्याच्या आमटीत."

"मी शिऱ्यात," मागून आवाज आला. मग एकेक करत सगळ्याच बोलल्या.

"पण याला कशासाठी?"

"रक्त त्याचंच होतं, डॉक्टर. सातही वेळा," राधाबाईंनी सांगून टाकलं.

"म्हणजे माझा निबंध..." डॉक्टर पुटपुटला. पण त्याने आधी इंजेक्शन दिलं, शिवाची नाडी धरून बसला आणि तासाभराने धोका टळला म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने राधाबाईंना विनवलं, "बाई, हे बाहेर कुठे बोलू नका. निबंध छापायला गेलाय."

"अगदी बरोबर!" शामराव म्हणाले. "चळवळीच्या दृष्टीनेही तेच हिताचं." दिल्ली सरकार आणि चाळ यांचं त्या दिवशी पहिल्यांदाच एकमत झालं.

"हो, पण मग आमच्या पोरांचं रक्त तपासलं कुणी?" राधाबाईंनी विचारलं.

कुणाला चुलीवरचं दूध आठवलं, कुणाला नळाची वेळ. बायका पाय काढता घेऊ लागल्या. राधाबाईंनी सुभद्रेला हाक मारून पुढे उभं केलं.

"आज रात्री या, डॉक्टर. हिचं रक्त घ्या."

"अहो राधाबाई," शामराव कुजबुजले, "डिलाईल रोडला कळलं तर?"

"कळू दे. लग्न मोडलं तर दुसरं जुळवीन. पाय कुठून आणू?"

शामरावांनीही आपल्या मुलाला, जयवंताला, हाक मारली.