होडीला तोटी

दातांच्या डॉक्टरांनी मागच्या अंगणात होडी बांधायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने एवढंच सांगितलं, "खुशाल बांधा. मी तिच्यात बसणार नाही."

तिचंही काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी घरी केलेल्या स्टुलावर ती एकदाच बसली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस तिला कशावरच बसता आलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र तळ्याच्या मधोमध, समोरच्या फळीवर बसलेली बायकोच हवी होती. नुसतं वल्हवायचं असतं तर भाड्याच्या होड्या काय कमी होत्या?

फळ्यांमधल्या फटी बुजवणं हा तर त्यांच्या हातचा मळ. कापसाची वात ठासायची, वर राळ लिंपायची, बोटाने चाचपायचं. एकदा सवयीने ते होडीला "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणून गेले. बायकोने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

होडी पुरी झाली.

"गळणार नाही कशावरून?" बायको म्हणाली.

आतलं पाणी बाहेर जात नसेल तर बाहेरचंही आत येणार नाही, हा डॉक्टरांचा हिशेब. त्यांनी नळी लावून होडी काठोकाठ भरली. सकाळी बघतात तो खालची फरशी कोरडी ठणठणीत.

"अगं, बाहेर ये! एक थेंब नाही!"

"नळालाही नाही," म्हणत ती बादली घेऊनच बाहेर आली. रस्ता खोदणाऱ्यांनी कोपऱ्यावरची पाइपलाइन फोडली होती. डॉक्टर काही बोलायच्या आत बादली होडीत बुडाली.

दुपारपर्यंत शेजारच्या काकू दोन हंडे घेऊन हजर. "टाकी झकास केलीत हो, डॉक्टर!"

"होडी आहे ती."

"असू दे हो. आकाराचं काय एवढं मनावर घ्यायचं!"

टँकरवाल्याने तर विचारलंही नाही. पाइप सरळ होडीत सोडला. सगळी आळी तिथे धुण्याभांड्यांचं पाणी भरू लागली, आणि डॉक्टर वल्हं हातात धरून रांगेला शिस्त लावू लागले.

अशात नळ दुरुस्त करणारा मेहुणा पिशवी घेऊन उगवला. "दाजी, वाकून वाकून ताईची कंबर गेली. तळाशी एक भोक पाडतो, तोटी बसवतो. पाच मिनिटांचं काम. दुखणार नाही."

हे वाक्य डॉक्टरांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. आज प्रथमच त्यांचा स्वतःचा हात वर गेला. मेहुण्याने ड्रिल टेकवलं.

"हात लावशील तर बघ!" बायको ओरडली. "जन्मात ही एकच वस्तू धड जमलीय त्यांना."

मेहुण्याने ड्रिल पिशवीत टाकलं. डॉक्टरांनी उगाचच चष्मा पुसला.

नळ सुरू झाले. उरलेलं पाणी झाडांना गेलं. तळाशी टँकरचा गाळ दिसताच बायकोने घासणी उचलली, पदर खोचला आणि ती होडीत उतरली. वाकून घासता घासता दमली, तशी समोरच्या फळीवर टेकली. फळी हूं की चूं करेना.

डॉक्टर बघत राहिले.

"बसलेली नाहीये मी," ती म्हणाली. "घासतेय."

"हो, हो. सावकाश घास."

"आणि तळ्यावर जायचं तर रविवारी जाऊ. शनिवारी मला वेळ नाही."