मेथीच्या वाफ्यातल्या काड्या

आठ दिवस. उणेपुरे आठ दिवस मधुमती भावाच्या साठीशांतीला मिरजेला गेली, आणि तेवढ्यात सदाशिवरावांनी गुलाबाची वाट लावली.

"बघ, कसा मोकळा केलाय," रिक्षातून बॅग उतरवायच्या आधीच ते म्हणाले. "दसरा झाला की छाटणी करायची असते. व्हिडिओ बघून केली."

मधुमती फाटकातच थांबली. छातीपर्यंत आलेलं डेरेदार झुडूप बुडापासून गायब होतं. मातीतून फक्त तीन लांबलचक, हिरव्यागार, सरळसोट फांद्या वर गेल्या होत्या.

"अहो, हे काय ठेवलंत?"

"जोमदार होत्या त्या ठेवल्या. वाकड्यातिकड्या, जुनाट होत्या त्या काढल्या."

तिने कपाळावर हात मारला. ज्या काढल्या तोच गुलाब होता. फिकट गुलाबी, भरगच्च, आईच्या मिरजेच्या अंगणातला. या माणसाच्या विमा कंपनीतल्या बदल्यांपायी भोपाळ झालं, कोटा झालं. प्रत्येक ठिकाणी तिने त्याची फांदी नेऊन लावली आणि प्रत्येक ठिकाणी ती वाळली. मध लावून बघितला, कोरफड लावून बघितली, वरून बाटली पालथी घातली. निवृत्तीनंतर जयपूरच्या प्रताप नगरात घर झालं तेव्हा खातीपुऱ्याच्या नर्सरीतल्या रामअवतारजींनी जंगली गुलाबाच्या बुंध्यावर आईच्या गुलाबाचा डोळा भरून कलम करून दिलं, तेव्हा कुठे तो जगला. खालून जंगली फुटवा आला तर लगेच मोडायचा, हे तिने नवऱ्याला शंभरदा सांगितलं होतं. जंगलीच तेवढं ठेवून बाकी सगळं साफ करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका तिच्याच घरात होता.

"काड्या कुठे आहेत?"

"गेल्या की कचऱ्याच्या गाडीत. केव्हाच."

भावाने गाडी ठेवायला अंगणात फरशी घातली होती. आईचं मूळ झाड तिच्याखाली गेलेलं ती परवाच बघून आली होती. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण जयपूरला आहे ना आपल्याकडे, म्हणून तिने ते पुसलं होतं. आता कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रामअवतारजी आले. बसून त्यांनी माती उकरली आणि मान हलवली. "माताजी, कलम के नीचे से काट दिया साहब ने. अब ये जंगली ही रहेगा."

"फूल तो आएगा न?" सदाशिवरावांनी विचारलं.

मधुमती तरातरा आत गेली.

त्यानंतर तिने बागेत पाऊल टाकलं नाही. सदाशिवरावांनी मागच्या वाफ्यात मेथी पेरली होती, ती निवडायलाही तिने नकार दिला. ते स्वतः खुडायचे, स्वतः निवडायचे, आणि भाजीत माती लागली तरी दोघंही मुकाट खायचे. मधूनच ते नवीन गुलाब आणायचं म्हणत. "चौमूं गावाकडे मोठ्या नर्सऱ्या आहेत म्हणे. तुला हवा तो रंग घेऊ." रंगाचा प्रश्न आहे असं ज्याला वाटतं त्याला काय सांगायचं, असं मनात म्हणून ती कुकरच्या शिट्या मोजायची.

डिसेंबर सरत आला. एका सकाळी ती कोवळ्या उन्हात केस वाळवत बसली होती, तेवढ्यात मागून हाक आली.

"अगं, मेथी संपली. वाफा मोकळा करतोय. या काड्याही उपटतोय."

"कसल्या काड्या?"

"मांजरं वाफा उकरायची, म्हणून काटेरी काड्या खुपसल्या होत्या ना बियांमध्ये. वाळल्यात सगळ्या. एकीला पानं फुटलीत, तीही काढतो."

"हात लावू नका!"

ती ओले केस तसेच टाकून धावली. वाफ्यात दहा-बारा काड्या होत्या. नऊ उपटून बाजूला पडल्या होत्या. कडेच्या एकीवर पानांचे दोन झुबके होते. गर्द, जाडसर, कडेला तांबूस. जंगलीची पानं फिकी आणि बारीक. ही तशी नव्हती. तिने काडी बोटाने अगदी हलकेच ढकलून बघितली. काडी हलली नाही.

"गाडीत टाकल्या म्हणालात ना?"

"बाकीच्या टाकल्या. या तेव्हा आठवल्याच नाहीत."

दोन महिने. दोन महिने तिने अबोला धरला, आणि हा गुलाब इथे, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, मेथीचं पाणी पीत उभा होता. तिला रडू आलं आणि संताप त्याहून जास्त आला.

"अहो, तीस वर्षं मला जमलं नाही. तुम्ही ही लावलीत तरी कशी?"

"लावली कुठे? खुपसली."

तिने मातीतच बसकण मारली. सदाशिवराव छाटणीची कात्री घेऊन उत्साहाने पुढे सरसावले. "थोडं शेणखत घालू? थांब, व्हिडिओ बघतो—"

"मोबाइल खिशात ठेवा. खत नको, व्हिडिओ नको. आणि ती कात्री इकडे द्या."

त्यांनी निमूटपणे कात्री दिली. मधुमतीने ती पदराखाली घेतली आणि ऊन उतरेपर्यंत ती तिथून उठली नाही.