केसरबाईची रिकामी टोपली

मित्रांनो, माझा वास येतो हे आधीच सांगून टाकते. मी नांदुऱ्याच्या आठवडी बाजारातली सुक्या मासळीची जुनी टोपली आहे, आणि त्या वासाची मला लाज वाटत नाही.

बुरुडानं मला विणलं आणि मासळी विकणाऱ्या केसरबाईनं विकत घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला कुणी घरात ठेवत नाही, बाहेर खुंटीला टांगतात. एसटीत चढले की लोक नाकाला रुमाल लावतात. त्याच लोकांना भाकरीबरोबर भाजलेली तारली मात्र हवी असते!

ही तारली दूरच्या समुद्रातून येते. मी समुद्र पाहिलेला नाही, पण ठोक मासळी आणणारे गफ्फारभाई किनाऱ्यावर जाऊन येतात, त्यांचं बोलणं ऐकलं आहे. पावसाळ्यात तिथे जोराचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर सारतो. मग त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं, नांगरानं खालची माती वर यावी तसं. त्या पाण्यात कस असतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारी हिरवी झाडं उगवतात, ती खाऊन तारली पोसते, आणि तारलीवर मोठे मासे नि पाखरं जगतात.

यंदा वारा मंदावला. खालचं पाणी खालीच राहिलं, तारली पोसलीच नाही. गफ्फारभाईंच्या पोत्यातून बोटाएवढी पिल्लं निघाली. केसरबाईनं एक उचलून तळहातावर ठेवलं. तळहातापेक्षा लहान मासा ती कधीच घेत नाही.

"हे तं लेकरं हायेत, गफ्फारभाई. यायले आंधी अंडे घालू द्या."

"मावशी, बाकी सगळे घेऊन राह्यले. तुम्ही नाही घेतलं तं काय समुद्र भरून येनार हाये?"

"नसंल येत. पन माह्या टोपलीत हे पडनार नाही."

बाजाराचा नियम असा, की ज्यानं माल मांडला नाही त्याची जागा गेली, ती कायमची. तरी केसरबाईनं मला रिकामीच मांडलं. थोड्या वेळात प्लास्टिकच्या घमेल्यांत माल घेऊन जागा शोधणारा निवृत्ती आला.

"हवा इकून राह्यली का वं, मावशी? ऊठ, जागा दे."

"हवा नाही, वास इकून राह्यली. पावशेर देऊ?"

निवृत्तीनं मला पायानं सरकवलं. केसरबाईनं मला उचलून पुन्हा तिथेच आपटलं. माझी बांबूची एक कामटी मोडली, पण मी हलले नाही.

शेजारी मिरची विकणारी शालूबाई उठली. तिनं ओंजळभर लाल मिरच्या माझ्यात टाकल्या.

"घे, मांडला माल! आता उठवून दाखव तिले."

निवृत्ती पुटपुटत घमेली घेऊन दुसरीकडे गेला.

मित्रांनो, समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून त्याची पिल्लं खायला आपण मोकळे नाही. बाजारात बोटाएवढा मासा दिसला, तर विकणारा कितीही हसो, सरळ नाही म्हणा. मासा वाढेपर्यंत मी रिकामी बसायला तयार आहे. मला कुणी उठवून तर पाहावं!